टाऊची हजेरी

मेम्फिसच्या हॉटेलातल्या लिफ्टमध्ये तीन पोरी शिरल्या. तिघींच्या अंगात जांभळी जाकिटं, आणि जाकिटांच्या पाठीवर पांढऱ्या दोऱ्याने भरलेलं वीतभर मोठं ग्रीक अक्षर, टाऊ. अर्नेस्टीन टोल्बर्ट त्या अक्षराकडे बघतच राहिली. सबंध अमेरिकेत ते अक्षर अंगावर मिरवायचा हक्क त्या दिवशी दोनच जिवंत बायकांना होता. एक ती स्वतः. दुसरी डेट्रॉइटच्या वृद्धाश्रमात होती आणि तिला जेवल्याचंही आठवत नसे.

"कुठल्या गं पोरींनो तुम्ही?" तिने विचारलं.

"टाऊच्या, मॅम!" तिघी एका सुरात म्हणाल्या.

"मोस्बी कॉलेजच्या?"

"मोस्बी? ते कुठे आलं?" मधली हसली. "आम्ही मोठ्या विद्यापीठाच्या. आमची शाखा नवीन निघतेय. अक्षर उद्या हातात पडेल, पण भरतकामवाला फार वेळ लावतो, म्हणून जाकिटं आधीच शिवून घेतली."

"हुशार आहात," अर्नेस्टीन म्हणाली आणि आपला मजला यायच्या आधीच उतरली. बहात्तर वर्षांच्या गुडघ्यांनी उरलेले दोन जिने चढताना तिला कुणी भेटलं नाही हे बरं झालं, कारण ती जे पुटपुटत होती ते चर्चमध्ये जाणाऱ्या बाईच्या तोंडी शोभणारं नव्हतं.

लॅम्डा ओमिक्रॉन थीटा या सोरोरिटीत, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या भगिनीसंघात, कॉलेजागणिक एक शाखा, आणि शाखेला अक्षर मिळायचं ते ओळीने. पहिली अल्फा, दुसरी बीटा, असं करत तेविसावी साय. शेवटचं ओमेगा कुठल्याच कॉलेजला देत नसत. एखादी भगिनी वारली की ती ओमेगात गेली म्हणायचे, तेवढ्यासाठी ते राखलेलं. पुढे अक्षरं संपली, अल्फा अल्फा, अल्फा बीटा अशी दुहेरी नावं सुरू झाली, आणि २०१४ साली गाडी डेल्टा झायला येऊन ठेपली होती. साहजिकच एकेरी अक्षराची ऐट वेगळी. एकेरी म्हणजे जुनं घराणं, आणि दुहेरीवाल्या कितीही शिकल्या-सवरल्या तरी त्यांना त्याचा हेवा वाटल्यावाचून राहत नसे. पोरींच्या जाकिटावर डेल्टा झाय भरायचं होतं. त्यांनी टाऊ भरून घेतलं.

टाऊ ही अलाबामातल्या मोस्बी गावच्या छोट्या कॉलेजची शाखा. अर्नेस्टीन तिथे १९६१ साली भगिनी झाली. तिसऱ्या वर्षाला असताना आईला अर्धांगाचा झटका आला, घरात धाकटी पाच भावंडं, आणि तिचं शिक्षण तिथेच थांबलं. पदवी राहिली ती राहिलीच. पण सोरोरिटीत एकदा घेतलेली शपथ मरेपर्यंत टिकते. अर्नेस्टीनने पुढे सदतीस वर्षं मोस्बीत शाळेची पिवळी बस चालवली, आणि बसच्या किल्लीला टाऊचा छोटा पितळी बिल्ला लावलेला असे.

१९७६ साली मोस्बी कॉलेजात चार वर्षांची पदवी बंद झाली, दोनच वर्षांचा अभ्यासक्रम उरला. सोरोरिटीला चार वर्षांचं कॉलेज लागतं, म्हणून टाऊ झोपली. तसा शब्दच होता, झोपलेली शाखा. त्यानंतर सहा वर्षांनी अर्नेस्टीनच्या घरी एक छापील पत्रक आलं. त्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं की झोपलेल्या शाखेच्या नावाची हाक लागोपाठ तीन अधिवेशनांत अनुत्तरित राहिली, तर तिचं अक्षर मोकळं होऊन दुसऱ्या कुणाला देता येईल. अधिवेशन दोन वर्षांतून एकदा भरे, आणि टाऊची हाक दोनदा वाया गेली होती.

"मी जाते," ती नवऱ्याला म्हणाली.

आयव्हरी टोल्बर्ट परसात मासे साफ करत होता. "कुठे?"

"जॅक्सनला. हजेरी द्यायला."

"शाळा सोडून वीस वर्षं झाली तुला, बाई. आता हजेरी कसली?"

"टाऊची."

"आणि तिथे जाऊन करणार काय?"

"हाक मारली की उभी राहणार आणि 'हजर' म्हणणार."

"एवढंच? एका शब्दासाठी सहा तासांची बस?" आयव्हरीने सुरी खाली ठेवली. "मला घरातून ओरड, मी इथे परसात लिहून ठेवतो."

पण स्टँडवर सोडायला तोच आला, आणि फॉइलमध्ये गुंडाळलेला तळलेला मासा तिच्या पिशवीत त्यानेच घातला. जॅक्सनच्या सभागृहात टोप्या घातलेल्या आठशे बायका होत्या. शेजारच्या एका मुख्याध्यापिकेने तिला गोड आवाजात विचारलं, "आपण कोणत्या शाळेत शिकवता, भगिनी?"

"शिकवत नाही. शाळेत पोचवते," अर्नेस्टीन म्हणाली. "मी बस चालवते."

मुख्याध्यापिकेने "वा वा" केलं आणि पर्स मांडीवर जवळ ओढली. तेवढ्यात व्यासपीठावरून हाक आली, "टाऊ." सवयीने नोंदवहीवाली पुढचं नाव घेणार, तर मागून सातव्या रांगेतून आवाज आला, "टाऊ हजर!" तो आवाज साठ पोरांच्या गलक्यावरून मागच्या बाकापर्यंत पोचवायची सवय असलेला होता. व्यासपीठावरच्या तिघी दचकल्या, आणि मुख्याध्यापिकेची पर्स खाली पडली.

तेव्हापासून ती सतत गेली. कधी लिटल रॉक, कधी अटलांटा, कधी न्यू ऑर्लीन्स. एका वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दहाच दिवस झाले होते, तर दोन दुहेरीवाल्या पोरींच्या खांद्यांवर हात टाकून ती उभी राहिली. टाऊतल्या बाकीच्या, डेट्रॉइटची सोडून, एकेक करून ओमेगात गेल्या. आधी निदान कुणी पत्र लिहून विचारायचं, "दिलीस का गं आपली हजेरी?" मग पत्रंही थांबली. मोठमोठ्या बाया तिला पाहून हसत. "आली एकटी टाऊ," असं कुजबुजत. तिला ते ऐकू येत असे आणि लागतही असे. रात्री हॉटेलात पाय गरम पाण्यात सोडून बसली की तिला वाटे, मी करतेय तरी कुणासाठी हे सगळं? पण अधिवेशन आलं की तीच जांभळी टोपी, तीच बस, आणि तीच हाक.

म्हणून त्या लिफ्टमधल्या जाकिटांनी तिची झोप उडवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मेम्फिसच्या अधिवेशनात हजेरी सुरू झाली. नोंदवही भगिनी मॅक्झीन ड्रेपर यांच्याकडे होती, आणि या बाईंच्या शिस्तीपुढे भल्याभल्यांची गाळण उडे.

"ऱ्हो."

"ऱ्हो हजर."

"सिग्मा."

"सिग्मा हजर."

"उप्सिलॉन."

"टाऊ हजर!"

 मॅक्झीनबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "भगिनी टोल्बर्ट, मी उप्सिलॉन म्हटलं."

"ऐकलं मी. मध्ये टाऊ राहिली."

"माझ्या यादीत टाऊ नाही."

"मग यादी चुकलीये तुमची."

हशा पिकला. राष्ट्रीय अध्यक्ष डॉ. इव्हेट कार्लाइल उठल्या. त्या मोठ्या इस्पितळात हृदयाच्या डॉक्टर होत्या आणि त्यांचं बोलणं इतकं मऊ होतं की नकारसुद्धा घेणाऱ्याला भेटवस्तू वाटे. "भगिनी टोल्बर्ट, तुमची निष्ठा आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. पण एक बाई म्हणजे शाखा नव्हे. त्या विद्यापीठात चाळीस मुली थांबल्या आहेत. कार्यकारिणीने ठरवलंय की झोपलेली एकेरी अक्षरं आता जागत्या मुलींना द्यावीत. तुमच्या नावाने आपण एक पुरस्कार सुरू करू."

"पुरस्कार माझ्या नावाने, आणि अक्षर त्यांच्या नावाने," अर्नेस्टीन म्हणाली. "बाई, तुम्ही पाकीट मारून वर खिसा शिवून देताय."

आता हसणं थांबेना. अर्नेस्टीनने मात्र पिशवीतून नियमांचं जुनं पुस्तक काढलं आणि पान उघडून वाचून दाखवलं. तीन हाका अनुत्तरित. मग तिने विचारलं, "भगिनी ड्रेपर, गेल्या बत्तीस वर्षांत टाऊची किती उत्तरं राहिली? तुमच्याच वह्यांत बघा."

मॅक्झीनबाई खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी वह्या मागवल्या, सगळ्या सभेला ताटकळत ठेवून एकेक चाळली, आणि म्हणाल्या, "एकही नाही. आजचं धरून सतरा वेळा हजर."

मतदान झालं. टाऊचं अक्षर वाचलं, पण दोन वर्षांपुरतं. पुढच्या अधिवेशनापर्यंत मोस्बीत बारा मुलींची शाखा जागी झाली तर झाली. नाही झाली, तर अक्षर विद्यापीठाला. मॅक्झीनबाईंनी त्या पोरींना तोवर जाकिटं उलटी घालायचा हुकूम दिला. पोरी अस्तर बाहेर काढून दिवसभर हिंडल्या.

मोस्बी कॉलेज पुन्हा चार वर्षांचं होऊन दोन वर्षं झाली होती. मोठ्या बायांना त्याचा पत्ताच नव्हता. अर्नेस्टीनला होता, कारण कॉलेजचा नवा फलक लावला तेव्हा रस्त्यापलीकडे ती आयव्हरीसाठी तंबाखू घेत उभी होती. तिने कॉलेजच्या खानावळीत टेबल मांडायची परवानगी काढली. घरचा पाउंड केक केला, जांभळा कपडा अंथरला, वर नाव नोंदवायचा कागद ठेवला. दोन तासांत केकचा तुकडाही उरला नाही आणि कागदावर एक नाव आलं, तेही कुठल्याशा मुलाने गंमत म्हणून लिहिलेलं.

"केक फार चांगला झाला होता," आयव्हरी म्हणाला. "जरा वाईट कर, म्हणजे लोक केकचं सोडून तुझ्याकडे बघतील."

"तू गप्प बस."

"मी गप्पच आहे. तूच खुर्चीत बसून रडतेस."

ती खरोखर रडत होती. बत्तीस वर्षं तिने जागा धरून ठेवली होती आणि जागेवर बसायला कुणी येत नव्हतं. कुणाच्या हाकेला आपण ओ देत आलो, असं तिला वाटलं, आणि तिला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची कीव आली. पण चौथ्या दिवशी ती पुन्हा खानावळीत गेली, केक न घेता. त्या दिवशी एक उंच मुलगी टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"मिस अर्नेस्टीन, ओळखलंत?"

"काशिया मॅकनीर. चालत्या बसमध्ये उभी राहायचीस."

"आणि तुम्ही गाडी थांबवून सगळ्यांसमोर माझी हजामत करायचात." ती हसून बसली. "आता खरं सांगा. ही टाऊ करायची काय? जाकीट घालून नाच, एवढंच असेल तर मला वेळ नाही. मी नर्सिंगला आहे."

अर्नेस्टीनने डोकं खाजवलं. तिला अक्षराबद्दल बोलायची इतकी सवय झाली होती की टाऊ काय करत असे हे गेल्या कित्येक वर्षांत तिला कुणी विचारलंच नव्हतं. "आम्ही वाचायचो," ती म्हणाली. "गावच्या वाचनालयात तेव्हा आपल्या काळ्या लेकरांना पाऊल टाकू देत नव्हते. मग शनिवारी आम्ही पुस्तकं घेऊन निघायचो. जिथे आया कपडे धुवायच्या तिथे पोरांना घोळक्याने बसवायचो आणि मोठ्याने वाचायचो. एकेक पोर महिन्याभरात स्वतः वाचायला लागे."

काशियाने नाव नोंदवायचा कागद जवळ ओढला. "माझा भाचा दुसरीत आहे," ती म्हणाली. "त्याला अजून वाचता येत नाही. आणि दर शनिवारी आई नाणी टाकून कपडे धुते तोवर तो धुलाईच्या दुकानात बसून असतो, मशीनकडे बघत."

त्या शनिवारी दोघी धुलाईच्या दुकानात गेल्या. काशियाने वाचलं, अर्नेस्टीनने घोड्याचे आणि कोंबड्याचे आवाज काढले. पुढच्या शनिवारी काशियाच्या दोन मैत्रिणी आल्या. थंडी सरेपर्यंत सहा झाल्या, वर्षभरात अकरा. आया कपडे वाळले तरी दुकानातून हलेनात. दुकानाचा मालक कुरकुरला, मग त्यानेच बाकडी आणून टाकली, मग स्वतःच कोपऱ्यात उभा राहून ऐकायला लागला.

गाडी अकरावर अडली ती अडलीच. बारावी मिळेना. कुणाचे गुण कमी, कुणाची नोकरी, कुणाला दुसऱ्या सोरोरिटीने आधीच गाठलेलं. अधिवेशन चार महिन्यांवर आलं. एका शनिवारी दुकानात काशिया चिडून म्हणाली, "आता काय रस्त्यावरून धरून आणू का?"

"रस्त्यावर कशाला?" अर्नेस्टीन म्हणाली. "ती बघ रोवीना."

रोवीना डॅबनी खानावळीत मका आणि भेंडी वाढायची. एक्केचाळीस वर्षांची, तीन पोरांची आई. दिवसा वाढायची आणि संध्याकाळी त्याच कॉलेजच्या वर्गात बसायची. शनिवारी कपडे घेऊन यायची आणि आपली पोरं पुढ्यात बसवून, कुणी सांगितलं नसताना, शेजारच्यांचीही चार गोळा करून वाचत बसायची.

"मिस अर्नेस्टीन, ती माझ्या आईएवढी आहे!"

"मग?"

"मग मी तिला भगिनी म्हणू?"

"मी तुला म्हणणार आहे की नाही? तुझ्या आजीपेक्षा मी मोठी आहे." तिने नियमांचं पुस्तक पुढे सरकवलं. "कॉलेजात शिकत असावी, गुण असावेत, वागणूक नीट असावी. वयाचा कुठे शब्द दिसला तर मला दाखव."

काशियाने दोनदा वाचलं. तिला शब्द दिसला नाही. मग ती उठली, रोवीनासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मिस रोवीना, तुमचे गुण किती आहेत?"

"वर्गात पहिली आहे मी," रोवीना म्हणाली. "का? खानावळीत कुणी तक्रार केली का?"

बारा नावं गेली, आणि तपासणीला डॉ. कार्लाइल स्वतः आल्या. न सांगता आल्या, शनिवारीच, बेसावध गाठायला. दारात आल्या तर मशीनं घरघरतायत, बाकड्यांवर पंचवीस पोरं, आणि बारा जणी दोन-दोन, तीन-तीन पोरं घेऊन वाचतायत. एका चिमुरडीने त्यांना पाहिलं, पुस्तक मांडीवर आणून ठेवलं आणि हुकूम सोडला, "वाच." डॉक्टरबाईंनी इकडे तिकडे पाहिलं. रेशमी कोट काढून ठेवला आणि वाचू लागल्या. त्यांचा तो मऊ आवाज तिथे एकदम शोभून दिसला. तीन पुस्तकं संपल्यावर त्या अर्नेस्टीनपाशी आल्या.

"भगिनी टोल्बर्ट, त्या विद्यापीठाच्या चाळीस मुली नाराज होणार."

"त्यांना डेल्टा झाय द्या. तेही चांगलं अक्षर आहे. दोन आहेत उलट, जास्तच झालं की."

डॉ. कार्लाइल हसल्या आणि तिथेच, कपड्यांच्या टोपलीवर मंजुरीचा कागद ठेवून त्यांनी सही केली.

जुलैत नॅशव्हिलला अधिवेशन भरलं. आयव्हरीही आला. आपल्याला नातेवाइकांच्या रांगेत ताटकळायला आवडतं म्हणून आलो, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. काशिया, रोवीना आणि बाकीच्या दहा जणी पांढऱ्या कपड्यांत सातव्या रांगेत बसल्या होत्या. अर्नेस्टीन त्यांच्या शेजारी. पलीकडे विद्यापीठाच्या मुली होत्या. त्यांच्या जाकिटांवर जुन्या टाक्यांची भोकं दिसत होती आणि वर डेल्टा झाय नव्याने भरलेलं होतं. लिफ्टमधल्या तिघींतल्या मधलीने अर्नेस्टीनला पाहिलं आणि ओशाळून हात हलवला. अर्नेस्टीननेही हलवला.

"तुम्ही म्हणा, मिस अर्नेस्टीन," काशिया कानात म्हणाली. "आमचं ठरलंय. 'हजर' तुम्हीच म्हणायचं."

"मुळीच नाही."

"सिग्मा," मॅक्झीनबाईंची हाक आली.

"सिग्मा हजर."

"टाऊ," मॅक्झीनबाई म्हणाल्या. त्यांनी मान वर केली, चष्मा काढला, आणि वाट पाहिली.

"टाऊ हजर!"

बाराही जणी एकदम उठल्या होत्या. रोवीनाचा आवाज सगळ्यांत मोठा होता, खानावळीतल्या गोंगाटात कमावलेला.  अर्नेस्टीनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. सगळं सभागृह टाळ्या वाजवत उठलं. व्यासपीठावरून डॉ. कार्लाइल म्हणाल्या, "भगिनी टोल्बर्ट, उभ्या राहा, लोकांना तुम्हाला बघायचंय."

"नाही हो बाई," अर्नेस्टीन बसल्या जागेवरून ओरडली. "सतरा वेळा एकटी उभी राहिले. आज मला बसू द्या."

मग तर टाळ्या थांबेचनात. मागे नातेवाइकांच्या रांगेत कुणीतरी बोटं तोंडात घालून शिट्टी मारली, ती आयव्हरीचीच असणार. मॅक्झीनबाईंनी वहीत टाऊपुढे खूण केली, चष्मा चढवला आणि शिस्तीवर आल्या.

"उप्सिलॉन."

कुणी उत्तर देईना.

"उप्सिलॉन! आहे का कुणी?"

उप्सिलॉनवाल्या अर्नेस्टीनच्या पुढच्याच रांगेत होत्या. आठही जणी मागे वळून तिच्याकडे बघत टाळ्या पिटत उभ्या होत्या. अर्नेस्टीनने डोळे पुसले, पुढे वाकली आणि मधलीच्या कमरेत कोपर खुपसलं.

"अगं, तुमचं नाव घेतायत! ओ द्या आधी, अक्षर जाईल हातचं!"